खाचरात उतरलेलं बिऱ्हाड

रत्नागिरी जिल्ह्यात मेंढपाळाचं घर बघायचं असेल तर पावसाळ्यात येऊ नये. आषाढात इथे बैल, म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळं भेटेल, मेंढरू दिसणं कठीण. तेच मार्गशीर्षात या. भात कापून झालेलं असतं, खाचरांत नुसते सड उरलेले असतात, आणि एखाद्या सकाळी वाडीच्या खालच्या अंगाला, जिथे काल काहीच नव्हतं तिथे, दोन-तीनशे काळ्या-करड्या पाठी हलताना दिसतात. शेजारी तीन दगडांची चूल, पुढचे पाय बांधलेली एक घोडी, उपड्या डालग्याखाली कोकरं, आणि भुंकायचं की नाही याचा अंदाज घेणारी दोन कुत्री. हेच ते घर. पत्ता विचारलात तर ‘अमक्याच्या मळ्यात’ एवढंच उत्तर मिळेल, आणि चार दिवसांनी तेही बदललेलं असेल.

या घराचा कारभार कसा चालतो, ते कशावर जगतं आणि त्याचं आपल्या भाताशी काय नातं आहे, हे कोकणातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. धनगर येतात, राहतात, जातात, एवढंच आपण बघतो.

मेंढरू इथलं का नाही

कारण सरळ आहे: पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. माण, खटाव, जत, आटपाडी या मेंढरांच्या मुलखात तो पाचशेच्या आसपास असतो, कधी त्याहूनही कमी. दख्खनी मेंढी या दुसऱ्या मुलखात घडलेली आहे. आखूड गवत, बाभळीच्या शेंगा, कोरडी जमीन आणि लांबलांबची चाल यांवर ती तगते. तिच्या अंगावरची भरड लोकर उन्हाला आणि थंडीला पुरून उरते. पण आठ-आठ दिवस न उघडणाऱ्या पावसात तीच लोकर भिजून जड होते आणि वाळत नाही. खूर सतत चिखलात राहिले की दोन नख्यांमधली कातडी कुजते. छाती भरते. खाचरातल्या साचलेल्या पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातले चपटे कृमी जनावराच्या पोटात जातात. म्हशीला हे सगळं थोडंफार सोसतं, मेंढीला नाही.

म्हणून कोकणातलं मेंढरांचं घर हे मुळात सुकीचं घर. पाऊस संपल्यावर ते येतं आणि पुन्हा सुरू व्हायच्या आत जातं.

सगळे धनगर सारखे नव्हेत

इथे एक गल्लत नेहमी होते. रत्नागिरीच्या सह्याद्रीकडच्या अंगाला, संगमेश्वर, लांजा, चिपळूण, खेड या तालुक्यांत, डोंगराच्या कुशीत धनगरवाड्या आहेत. तिथे वर्षभर राहणारे लोक गवळी धनगर. त्यांचा जीव म्हशींवर आणि गाईंवर. दूध-तूप विकायचं आणि जोडीला उतारावर नाचणी-वरीची शेती करायची, अशी त्यांची जुनी रीत. मेंढ्या ते पाळत नाहीत. थंडीत मेंढरं घेऊन येतात ते घाटावरचे, बहुतेक हटकर धनगर. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघांनी १९७०-८० च्या दशकांत या समाजाच्या पोटजातींचा अभ्यास केला. कुठल्या पोटजातीने कुठलं जनावर धरलं हे पावसाच्या मानाने ठरत गेलं, हा त्यातला महत्त्वाचा धागा आहे. जास्त पावसाच्या डोंगरात म्हैस आणि कोरड्या पठारावर मेंढरू, अशी ती वाटणी.

भाषेतही एक गंमत आहे. आपण कोकणात बकरी म्हणतो ते शेळीला. घाटावरचा धनगर बकरी म्हणतो ते मेंढीला. शेळी ती शेळीच. त्यामुळे ‘आमची बकरी बसवू का रानात?’ असं एखाद्या मेंढक्याने विचारलं की नवखा कोकणी माणूस मनात शेळ्या आणतो आणि घाबरतो, कारण शेळ्या म्हणजे कलमांचा शेंडा गेलाच. मेंढरू मात्र मान खाली घालून चरणारं. संधी मिळाली तर तेही पाल्याला तोंड लावतं, ही गोष्ट वेगळी.

घाट उतरायचा तो कधी

दिवाळी हा साधारण मुहूर्त. त्याआधी दसऱ्याच्या सुमाराला कोल्हापुरात पट्टणकोडोलीला बिरोबाची यात्रा भरते. भंडारा आणि लोकर उधळली जाते, पुढच्या सालाची भाकणूक होते, आणि चार गावचे मेंढपाळ एकमेकांना भेटतात. यंदा कुणाचा वाडा कुठल्या दिशेने जाणार, कुठे चारा आहे, कुठल्या गावाने मागच्या साली त्रास दिला, या बातम्याही अशाच ठिकाणी फिरतात. मेंढपाळांचे देव आणि त्यांच्या वाटा यांचा असा जोड आहे, हे गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कित्येक वर्षं या लोकांत घालवून मांडलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९७६ चं.

वाडा म्हणजे इथे इमारत नव्हे, बरोबर चालणारी पाच-दहा कुटुंबं. त्यांत एक कारभारी असतो. शेतकऱ्याशी बोलणं, मुक्काम ठरवणं, भांडण निस्तरणं हे त्याच्याकडे. प्रत्येक कुटुंबाची मेंढरं वेगळी. कानाला पाडलेली खाच किंवा पाठीवर लावलेला रंगाचा ठिपका ही ओळख. मेंढक्याला बहुधा तीही लागत नाही. तीनशेंतली आपली साठ तो तोंडावरून वेगळी काढतो.

रत्नागिरीत उतरायच्या वाटा म्हणजे आपल्या ओळखीचे घाट: चिपळूणकडे कुंभार्ली, साखरप्याकडे आंबा, राजापूरकडे अणुस्कुरा. पूर्वी पायवाटा होत्या, आता डांबरी रस्ता, आणि वळणावर समोरून ट्रक. त्यामुळे घाट शक्यतो पहाटे उतरतात. अलीकडे काही जण टेम्पो करून मेंढरं खाली आणतात. भाडं जातं, पण दोन-चार दिवस वाचतात आणि अपघात टळतो.

बिऱ्हाडाचा दिवस

पहाटे सगळ्यांत आधी उठतं ते बाईमाणूस. चूल पेटते, चहा होतो. घाटावर भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची. कोकणात उतरलं की हळूहळू तांदळाची होते, कारण हातात तांदूळ येतो. कोकरं डालग्यातून काढून आयांना लावायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. मेंढी वासावरून पोर ओळखते आणि दुसऱ्याच्या पोराला लाथेने उडवते. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर तिला धरून ठेवावं लागतं, दिवसातून दोन-तीनदा, आणि ती मानेल तोवर. मुलं हे काम फार चांगलं करतात.

मेंढरांना दवात सोडत नाहीत, निदान जाणता मेंढका सोडत नाही. दवाने भिजलेल्या गवतातून कृमी पोटात जातात, हे त्याला प्रयोगशाळेने सांगितलेलं नाही. ऊन जरा वर आलं की कळप निघतो. पुढे एक जण, मागे एक. पुढच्याचं काम थांबवण्याचं, मागच्याचं हाकण्याचं. कोकणात उतरल्यावर पुढच्याची जबाबदारी वाढते, कारण इथे मोकळं रान सलग नसतं. भात निघालं तरी ओलीवर कुळीथ, चवळी, पावटा पेरलेला असतो. हळवं भात आधी निघतं, गरवं मागाहून. शेजारशेजारच्या दोन कुणग्यांत एक मोकळा आणि एक उभा. तीनशे तोंडं त्यामधल्या बांधावरून न्यायची म्हणजे सर्कशीतलं काम आहे. दुपारी सड्यावर, कातळावरच्या सुकत्या गवतात, किंवा पऱ्याच्या काठाला सावलीत मेंढरं बसतात. एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून, गोल करून. मेंढका तेवढ्यात चातीवर लोकर कातत बसतो, नाहीतर हल्ली मोबाइल बघतो.

मुक्काम हलायचा असेल त्या दिवशी माणसं दोन वाटांनी जातात. पुरुष मेंढरांबरोबर चरत-चरत, वळसे घेत. बायका घोड्यावर संसार लादून थेट नव्या जागी. घोड्याच्या पाठीवर काय काय असतं: जाळी, मेखा, भांडी, धान्याची पोती, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि जाळीतून डोकी बाहेर काढलेली, चालता न येणारी कोकरं. नव्या जागी पोचून पाणी कुठे आहे हे बघणं, सरपण गोळा करणं, चूल मांडणं, घरधनिणीशी चार शब्द बोलून ओळख काढणं, हे सगळं बाईने संध्याकाळच्या आत केलेलं असतं. पुरुष येतो तो मांडलेल्या घरात. मेंढपाळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काठी आणि मुंडासं येतं, हे मला अर्धंच चित्र वाटतं.

दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घेतात. वाघर म्हणजे मेखांना ताणून बांधलेली कमरेएवढी जाळी. ती मेंढीला अडवते. बिबट्याला अडवत नाही. घाटावरचा शत्रू लांडगा, कोकणातला बिबट्या. म्हणून कडेला शेकोटी, कुत्री, आणि माणसांनी वाघरीच्या चारी बाजूंना अंथरुणं टाकून झोपायचं. झोपायचं म्हणजे पडायचं. रात्री मेंढरं एकदम उठली तर काय झालं ते आवाजावरून कळावं लागतं: साप, कुत्रं, की आणखी काही.

एका रात्रीची किंमत

आता मुद्द्याची गोष्ट. मेंढरं शेतात बसतात ती शेतकऱ्याच्या उपकाराने नव्हे. शेतकरी त्यांना बोलावतो आणि त्याबद्दल देणं देतो. मेंढपाळाला रात्रीची जागा हवी आणि शेतकऱ्याला रात्रीची लेंडी. याला बकरी बसवणं म्हणतात.

रत्नागिरीची जमीन जांभ्याची. रंग सुरेख, पण पावसाने धुऊन-धुऊन आंबट आणि उपाशी झालेली. त्यावर आपल्या आज्या-पणज्यांचा उपाय म्हणजे भाजावळ: कवळ तोडायची, पालापाचोळा, शेण, गवत रोपवाटिकेच्या जागी थरावर थर पसरायचं आणि राब जाळायचा. त्या राखेवर तरवा उठतो. मेंढरांचं खत हे काम न जाळता करतं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतात ते तीन टक्क्यांच्या घरात जातं, स्फुरद एक टक्का आणि पालाश दोन टक्के. शिवाय गोठ्यातलं मूत बहुतेक वाया जातं. इथे ते थेट जमिनीत मुरतं, आणि नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. वाहतूक शून्य. डोक्यावर पाट्या घेऊन बांध चढायचे नाहीत, मजूर शोधायचे नाहीत. ज्या कुणग्यात बैलगाडी जात नाही तिथे मेंढरू आपल्या पायाने खत घेऊन जातं.

किती रात्री लागतात, याचा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. एका मेंढीला बसायला साधारण एक चौरस मीटर धरा. तीनशे मेंढरं म्हणजे तीनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. एका रात्रीत तीन गुंठे झाले की दुसऱ्या दिवशी वाघर उचलून पुढे लावायची. वीस गुंठ्यांना सात रात्री. दाट खत हवं असेल तर त्याच जागी दोन रात्री बसवतात. कोकणात मात्र एका माणसाची सलग वीस गुंठे खाचरं असणं हीच चैन. म्हणून सौदा बहुधा वाडीशी होतो: आज तुमच्यात, उद्या शेजाऱ्याच्यात, परवा चुलत्याच्यात. आणि ज्या दोन भावांचं बोलणं बंद आहे त्यांच्या मधल्या बांधावर कारभाऱ्याचं कसब पणाला लागतं.

देणं पूर्वी धान्यात होतं. भात, तांदूळ, कधी वर नारळ, आणि माणसांचं एक वेळचं जेवण. आता बराचसा व्यवहार रोखीत गेला आहे, मेंढरांची संख्या मोजून रात्रीचा दर. तरी तांदळाची ओढ संपलेली नाही. कोरडवाहू मुलखातून आलेल्या घरात घाटावर परतताना दोन पोती तांदूळ बरोबर असणं म्हणजे पुढच्या चार महिन्यांची काळजी मिटणं. घासाघीस दोन्हीकडून होते. शेतकरी म्हणतो, ‘मामा, कोकरं कशाला मोजता?’ मामा म्हणतो, ‘दादा, तीबी हगत्यातच की.’ यावर तोड निघते.

कोल्हापूरकडे या व्यवहाराला भक्तीचंही अंग आहे. आदमापूरचे बाळूमामा (१८९२–१९६६) स्वतः मेंढरं राखत फिरले. त्यांच्या नावाची बकरी आजही बग्ग्या-बग्ग्यांनी गावोगाव फिरतात आणि ती आपल्या रानात बसावीत म्हणून शेतकरी वाट बघतात. तिथे दर ठरत नाही. लोक धान्य आणतात, आरतीला जमतात आणि पाया पडतात. मला त्यात श्रद्धेइतकंच शेतकऱ्याचं जमिनीविषयीचं ज्ञान दिसतं.

लोकर: एकेकाळचं नगद

मेंढी वर्षातून दोनदा कातरतात, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या सुमाराला. पाय बांधून आडवी पाडायची आणि मोठ्या कातरीने अंगालगत चालत जायचं. कातडी दुमडली तर जखम, म्हणून हात हलका हवा. एका कातरणीला निघते अर्ध्या किलोच्या आतबाहेर. काळी, राखाडी, भरड; मऊ कापडाच्या उपयोगाची नाही.

तिचं खरं चीज घोंगडीत. धनगरणी सूत काढत, सणगर विणत, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावत, म्हणजे दोरा ताठ आणि टणक होतो. अशा घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस वरच्यावर ओघळतो. आपल्याकडे भातलावणीला इरलं होतं तशी त्यांच्याकडे घोंगडी. दोन्ही प्लास्टिकने मारली, इरलं आधी. आज मिळणाऱ्या भावात कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, आणि कित्येक जण लोकर बांधावर टाकून देतात. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडचे काही गट दख्खनी लोकरीच्या पिशव्या, गालिचे, आसनं करू लागले आहेत. पण त्यामुळे खाचरात बसलेल्या माणसाचा भाव अजून फारसा हललेला नाही.

म्हणजे घर चालतं ते मांसावर. तीन-चार महिन्यांचं नर कोकरू व्यापाऱ्याला विकायचं, मादी ठेवायची. व्यापारी मोटारसायकलवरून थेट वाड्यावर येतो. तोलून विकायची पद्धत कमी, नजरेने अंदाज आणि रुमालाखाली बोटं. लोणंदसारखे मोठे बाजार घाटावर आहेत, ते परतल्यावर.

एक कोकरू की दोन

मेंढी साधारण दीडशे दिवस गाभण असते. पावसाळ्याच्या तोंडाला फळलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात व्यायला लागतात, म्हणजे नेमक्या वाटेवर. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर मोठं काम केलं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेल्या या संस्थेत चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालच्या सुंदरबनातली गरोळ ही बुटकी मेंढी आणली. तिच्यात जुळी देणारं एक जनुक असतं. ते संकरातून दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. घरापाशी राहणाऱ्या, दाणा-वैरण देऊ शकणाऱ्या मेंढपाळाला जुळी म्हणजे सरळ फायदा.

चालणाऱ्याचं गणित वेगळं आहे. दोन कोकरांना पुरेल एवढं दूध दहा-बारा किलोमीटर चालून आलेल्या मेंढीला उतरेल का? आणि दोन्ही कोकरं घोड्यावर मावतील का? संशोधकांनीही चांगल्या चाऱ्याची अट सांगितलेलीच आहे. मला यातली खरी गंमत दुसरीच वाटते: गरोळ ही पाणथळ, चिखलाच्या प्रदेशातली मेंढी. महाराष्ट्रात ती आली ती अवर्षणातल्या फलटणला, जुळ्यांसाठी. चिखल सोसण्याच्या तिच्या गुणाचं आपल्या कोकणाने काही केलं नाही.

मांसासाठी मागणी असलेली दुसरी जात जत तालुक्यातली माडग्याळ. उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी पट्टे. तिच्या नरांना लाखांच्या बोली लागल्याच्या बातम्या येतात. ती वाड्याच्या कामाची नाही, दाराशी बांधून मिरवायची.

वाटेत काय काय आडवं येतं

पहिला अडथळा गडगा. भातखाचरं बुजवून, वरकस जमिनीत सुरुंग लावून हापूसची कलमं लागली आणि प्रत्येकाभोवती जांभ्याचा गडगा उठला. जुन्या वाटा त्यांत गडप झाल्या. दुसरा अडथळा फवारणी. मोहोर धरला की बागेत कीटकनाशकांचे हात सुरू होतात. ते खालच्या गवतावरही पडतं. कळप बागेत शिरला तर नुकसान दोन्हीकडचं, आणि दोष मात्र चालणाऱ्यावर येतो. तिसरा मुंबई-गोवा महामार्ग. रुंदीकरण झालेल्या ठिकाणी मधला कठडा मेंढरांना ओलांडता येत नाही आणि खालून काढलेले बोगदे वाटेवर नसतात. वनखात्याच्या रोपवनांत चराईबंदी असते, तिथे शिरलं तर दंड.

चौथी गोष्ट कमी बोलली जाते: खाचरंच पडीक पडत चालली आहेत. मुंबईला गेलेल्या माणसाच्या शेतात भात नाही, म्हणून खत बसवणारं कुणी नाही. तिथे गवत-झुडूप माजतं. मेंढरांना चरायला मिळतं, रात्रीचं देणं मिळत नाही.

मुलांच्या शाळेचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. बहुतेक ठिकाणी मुलं गावी आजीपाशी किंवा आश्रमशाळेत. वाड्याबरोबर असतात ती अगदी लहान, किंवा ज्यांची शाळा सुटलेली आहे ती. त्यामुळे पुढच्या पिढीत मेंढरांमागे कोण जाणार हा प्रश्न प्रत्येक वाड्यात आहे.

आजार आणि औषध

आंत्रविषार, बुळकांडीच्या कुळातला पीपीआर, देवी आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून मिळतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यावी लागते, कारण कोवळं हिरवं गवत पोटभर खाल्लं की धडधाकट कोकरू रातोरात मरतं. निळी जीभ नावाचा आजार पावसानंतर चिलटांमार्फत पसरतो. कोकणात गोचीड जास्त, आणि ओल्या खाचरात खूर कुजतात. म्हणून अनुभवी वाडे भात निघालं की लगेच उतरत नाहीत. जमीन वरून भेगाळू लागली की येतात. अडचण ही की आजारी मेंढरासाठी डॉक्टर बोलवायचा तर पत्ता काय सांगायचा? त्या गावात त्यांची नोंद नसते. मग मेडिकलमधून बाटली आणून अंदाजाने डोस, किंवा झाडपाला.

रत्नागिरीत कायम मेंढ्या पाळता येतील का

हौशी तरुणांचा हा प्रश्न असतो, विशेषतः सरकारी योजना वाचल्यावर. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमातीतल्या मेंढपाळाला वीस मेंढ्या आणि एक नर यांसाठी ७५ टक्के अनुदान असतं. योजना २०१७ मध्ये आली. ती राबवणारं शेळी-मेंढी विकास महामंडळ पुण्यात आहे, १९७८ पासूनचं.

अनुदान मिळालं तरी पाऊस थांबत नाही. चार महिने बंद गोठा, जमिनीपासून उंच फटींच्या फळ्यांचा माच, सुकी वैरण साठवलेली, खुरांची रोजची तपासणी, एवढं केलं तर मेंढी जगेल. तो खर्च मांसातून निघेल का, हे पेन घेऊन बसल्यावर कळतं, आणि बहुतेकांना उत्तर ‘नाही’ असंच येतं. राज्यात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे मेंढ्या सुमारे २७ लाख आणि शेळ्या एक कोटीच्या वर. कोकणाला त्यातली शेळीच मानवते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या निळेली इथल्या केंद्राने सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही शेळी पुढे आणली. लांब पायांची, चढउतारावर चपळ, या पावसाला सरावलेली. घरापाशी चार जनावरं हवी असतील तर ती घ्यावी. शेळीसाठी आधी कुंपण, मग शेळी, हे मात्र विसरू नये.

बकरी बसवायची असतील तर

शेतकऱ्यांसाठी काही गोष्टी. सौदा कारभाऱ्याशी करा, आणि मेंढरं संध्याकाळी वाघरीत जाताना दोघांनी मिळून मोजा, सकाळी नव्हे. किती रात्री, कुठल्या कुणग्यात, एका जागी एक रात्र की दोन, जेवण धरून की सोडून, हे आधी बोला. पाण्याची जागा दाखवा. पऱ्ये माघ-फाल्गुनात आटतात, तेव्हा विहिरीवरून पाणी द्यावं लागेल याची तयारी ठेवा. जवळच्या बागेत फवारणी झाली असेल तर ते स्वतःहून सांगा. लेंड्या पडल्यावर महिनोन्‌महिने उघड्या उन्हात राहिल्या तर नत्र उडून जातं, म्हणून जमिनीत ओल असतानाच एक नांगरट करून मातीआड करा. उरलेल्या उन्हाळ्यात पुन्हा राब जाळायचा असेल तर तो त्या तुकड्यात नको. दोन्हीचा खर्च एकाच जागी कशाला?

वाडे साधारण शिमग्याच्या आगेमागे परतायला लागतात, काही वैशाखापर्यंत रेंगाळतात. म्हणजे बोलणी करायची ती कार्तिकात, भात झोडायला घेतलं की लगेच. आणि त्याआधी शेजाऱ्यांना विचारा, कारण एका कुणग्यासाठी तीनशे मेंढरांची वाट कुणी वाकडी करत नाही.